जाळीपुढची

मागून ट्रॉलीचा धक्का बसला तेव्हा मी दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते. धक्का तसा मोठा नव्हता. कुणाचं तरी लक्ष नसणार, ट्रॉलीचं पुढचं टोक माझ्या कमरेच्या जरा खाली येऊन टेकलं, एवढंच. पण माझे पाय आपोआप फाकले. गुडघे वाकले, बूड खाली गेलं, खांदे आत ओढले गेले, आणि नजर समोरच्या चॉकलेटांच्या फळीवरून पार दरवाजापर्यंत जाऊन चिकटली. पुन्हा लागलं. मी हलले नाही. "अगं बाई, लागलं का हो?" असं मागून एक म्हातारा, ओलसर आवाज म्हणाला, आणि मी मान न वळवता म्हटलं, "नाही." काउंटरवरची मुलगी हातातला स्कॅनर तसाच धरून माझ्याकडे बघत होती. पन्नाशी उलटलेली, जाड कोटातली, वेलचीच्या पावाचा वेढा छातीशी धरलेली एक बाई भर दुपारी घोड्यावर बसल्यासारखी का उभी आहे, ते तिला कळत नव्हतं. मी पाय जवळ घेतले. पैसे दिले. मागे कोण होतं ते मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. बाहेर पडल्यावर, गाडीची काच वितळायची वाट बघत बसले असताना, हे माझ्या लक्षात आलं आणि मग ते डोक्यातून जाईना. कुणी आपल्याला दोनदा ढकललं, त्याचं तोंडसुद्धा आपण बघितलं नाही. बघावंसं वाटलंच नाही. याला काय म्हणायचं? शिस्त म्हणतात. निदान आमच्याकडे तरी म्हणत आले.

चारच्या आत मला ऑरेस्टला एक नाव द्यायचं होतं. ऑरेस्ट झापोर्झान आमच्या मुलींच्या आइस हॉकी टीमचा मुख्य कोच, मी त्याची मदतनीस. बचाव तो बघतो, पॉवर प्ले माझा. समोरची एखादी आगळीक करून शिक्षेच्या पेटीत जाऊन बसली की दोन मिनिटं त्यांच्या चार आणि आपल्या पाच. त्या दोन मिनिटांचा संसार मी मांडते. चौघी लांबलांब पसरून चकती एकमेकींकडे फिरवतात, त्यांचं कौतुक लोकांना दिसतं. पाचवी जाळीपुढे. गोलकीपरला पाठ करून, अगदी तिच्या नाकासमोर, तिचे डोळे झाकत उभी. त्यांच्या पोरी तिच्या पाठीत काठ्या घालतात, घोट्यांवर मारतात, आणि पुढून आपल्याच मैत्रिणीने लांबच्या निळ्या रेषेवरून मारलेली रबराची चकती दगडासारखी अंगावर येते. तिने जागा सोडायची नाही. रेफरीला यातलं बरंचसं दिसत नाही, म्हणजे तो बघत नाही. हे काम वर्षभर कर्स्टन करत होती. गेल्या आठवड्यात तिचं मनगट मोडलं. आज संध्याकाळी केनोरा गावच्या टीमशी सामना. जिंकलो तर वसंतात प्रांताच्या स्पर्धेला जायचं, हरलो तर हिवाळा इथेच संपला. निम्म्या पोरींचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढे कुणी नर्सिंगला जाणार, कुणी खाणीत ट्रक चालवणार, आणि मग रविवारी कधीतरी पोराबाळांना घेऊन रिंकवर येऊन म्हणणार, की मी पण खेळायचे हं. एवढ्यासाठी सगळं. पण त्या वयात एवढं पुष्कळ असतं. नंतरही असतं, फक्त बोलता येत नाही.

सकाळच्या सरावात ऑरेस्टने आर्वो घेतला. आर्वो म्हणजे काय ते आमच्या पोर्ट आर्थरच्या कुठल्याही पोरीला विचारा. जाळीच्या तोंडाशी उभं राहायचं, डोळे निळ्या रेषेवर. तिथे एकजण चकती काठीखाली धरून उभी असते आणि ती मारत नाही, नुसती धरून असते. मागून बचावातली सगळ्यात दांडगी पोरगी दोन्ही हातांत काठी आडवी धरून पाठीत ढकलत राहते. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. जी मागे वळून बघेल ती बाद. जी वळणार नाही ती जाळीपुढची. आमच्या टीममधल्या एकीला परवापर्यंत वाटत होतं, की आर्वो हे व्यायामाच्या प्रकाराचं नाव आहे, जसं बैठका किंवा जोर. मी तिला सांगितलं नाही, की आर्वो हाउताला माझे वडील. माणूस मेला, की त्याचं काय शिल्लक राहतं हे आपल्या हातात नसतं. त्यांचं मासे धुरावण्याचं कपाट, त्यांचं अकॉर्डियन, पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही दोन गावं एक करून सरकारने आपला घात केला हे त्यांचं मरेपर्यंतचं म्हणणं, सगळं गेलं. हे राहिलं.

डॅनिका दुसऱ्याच धक्क्याला वळली. डॅनिका बुशार, अंगाने चिमणी, तोंडाने कावळा. वळून तिने ढकलणारीला विचारलं, "काय गं, एवढंच? माझी आजी तुझ्यापेक्षा जोरात दार लावते." पोरी फिदीफिदी हसल्या, ऑरेस्टने शिट्टी फुंकली, बाद. मग शेल्बी उभी राहिली. शेल्बी कोझार उंच, रुंद, शांत. हिला आपण कधी हसताना पाहिलं हे आठवायला बसावं लागतं. तिच्या पाठीत काठी बसत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही होत नव्हतं. डोळे निळ्या रेषेवर. बसस्टॉपवर उभी असल्यासारखी. शेवटी ढकलणारीच म्हणाली, "कोच, माझे हात भरून आले." ऑरेस्टचं तोंड उजळलं. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हाउतालाची दुसरी पोर." त्याने ते प्रेमाने म्हटलं. सराव संपला तशी मी भूक लागल्याचं सांगून वेलचीचा पाव आणायला दुकानात गेले.

काच वितळली होती. मी गाडी सुरू ठेवून बसूनच राहिले. समोर पार्किंगच्या टोकाला बर्फाचा काळपट ढीग, त्यापलीकडे धान्याची बंद पडलेली कोठारं, आणि त्यांच्या मागे उपसागरात आडवा पडलेला राक्षस. तो डोंगर जन्मापासून पाहतेय. त्यालाही कुणी कधी उठ म्हटलं नाही. माझी परीक्षा झाली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. बाबांनी ती त्याच हिवाळ्यात शोधून काढली होती. मुलींची टीम म्हणजे लोकांना गंमत वाटायची तेव्हा, बाबांना वाटायची नाही, एवढं त्यांचं श्रेय. पोरी बाहुल्या नाहीत हे त्यांना सगळ्यांना दाखवायचं होतं. सातआठ जणी होतो. एकेक करून सगळ्या वळल्या. माझ्या पाठीत ते स्वतः काठी घालत होते. कारण मी त्यांची मुलगी; दुसऱ्या कुणी घातली असती तर लोक म्हणाले असते, की हळू घातली. मला दुखत होतं की नाही ते आठवत नाही. आठवतं ते असं, की बर्फाला लोखंडाचा वास येत होता, वरची दिव्याची एक नळी फडफडत होती, आणि मला पूर्ण खात्री होती की वळले तर तिथे बाबा नसतील. दुसरंच कुणी असेल. म्हणून मी वळले नाही. त्या शनिवारी सॉनाच्या वाफेतून बाहेर आल्यावर, लालबुंद अंगाने पायरीवर बसून, ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "हिल्का वळली नाही." बस. दोन घोट बिअर प्यायले आणि मग पाइक माशाच्या काट्यांबद्दल बोलायला लागले. ते चांगले होते हो. हात कधी उगारला नाही, दारू पिऊन कधी पडले नाहीत. फक्त कौतुक त्यांच्याकडे एकच होतं, ते त्यांनी मला त्या दिवशी देऊन टाकलं, आणि मी ते पुढची कितीतरी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

आमच्या फिनिश लोकांकडे या गुणाला एक शब्द आहे, सिसु. इथे तो गाड्यांच्या मागच्या काचेवर चिकटवलेला असतो. काही झालं तरी मागे न हटणं, सोसणं, दात आवळून उभं राहणं. हा गुण दगडातही असतो, हे कुणी चिकटवत नाही. ग्लेनशी लग्न झालं तेव्हा तो कागदाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि तो अल्बर्टात तेलाच्या कामावर जायला लागला. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. मग पाच आठवडे तिकडे. मग फोन. मग फोनवर मागून कुणीतरी भांडी लावत असल्याचे आवाज. मी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची, घरी आल्यावर त्याच्या आईचे पाय चोळायची, आणि समोर बघत उभी. नणंद म्हणायची, "किती सोशिक गं तू हिल्का, मी तर कधीच बॅग भरली असती." तिने सहा महिन्यांत दोनदा भरली होती आणि ती सुखात होती. ग्लेन गेला तो दिवस असा नव्हताच. तो हळूहळू जात राहिला आणि एक दिवस लक्षात आलं की गेलेला आहे. कोणी विचारलं तर मी म्हणायची, मी माझी जागा सोडली नाही. लोक माना डोलवायचे. ती जागा कशासाठी धरायची होती, तिच्यातून कोणाचा गोल होणार होता, हे ना त्यांनी विचारलं ना मी.

हे सगळं मला कुणी समजावून सांगितलं नाही. खेळसुद्धा मला कुणी शिकवला नाही, म्हणजे उभं राहणं सोडून. जे येतं ते बघून बघून आलं, शनिवारी टीव्हीपुढे, विणकाम मांडीवर, तोच गोल मागे नेऊन पुन्हा, पुन्हा. गेल्या शरदात माझ्या मावसभावाने घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर चढवल्या आणि त्यात आमचा एक अंतिम सामना निघाला. मी पहिल्यांदाच स्वतःला खेळताना पाहिलं. कॅमेरा हलणारा, बर्फ निळसर, आणि जाळीपुढे ती हिल्का, पोनीटेल बाहेर आलेली. निळ्या रेषेवरून फटका येतो. गोलकीपरच्या पॅडला लागून चकती खाली पडते. माझ्या टाचेच्या मागे, एका वितीवर. पडलेली असते. कुणाचीही नसते. मी नुसती वळले असते, नुसता घोटा फिरवला असता, तरी गोल होता. आणि ती हिल्का निळ्या रेषेकडे बघत उभी आहे. लग्नाच्या फोटोतल्या नवरीसारखी. मागून त्यांची एकजण येते आणि चकती घेऊन जाते, कुणीतरी भाकरी उचलून न्यावी तशी. मी ते कितीदा तरी पाहिलं. एकाच सामन्यात असं तीनदा झालेलं होतं. आम्ही तो सामना हरलो होतो, आणि लोकांनी माझी पाठ थोपटली होती.

गोल आपल्या पाठीमागे असतो. बाबांच्या परीक्षेत चकती कधी मारतच नसत. म्हणून त्यांना हे कळलं नाही. गोलकीपरचे डोळे झाकणं हे त्या जागेचं पहिलं काम, शेवटचं नाही. फटका येईपर्यंत उभं राहायचं, तो येताना काठीचं पातं जरासं लावायचं, आणि चकती मागे पडली, की सगळ्यांच्या आधी वळायचं. आर्वोमधून वळणाऱ्या पोरी बाद होतात. म्हणजे आम्ही चाळणी लावून गहू टाकत होतो आणि खडे ठेवत होतो, आणि खड्यांना हार घालत होतो. मी हेही पाहून ठेवलं होतं, की केनोराची गोलकीपर गुडघ्यांवर फार लवकर जाते, आणि तिच्या डाव्या पॅडवरून चकती उडत नाही, मेल्यासारखी तिथेच पडते. तिथे शेल्बीला उभं केलं तर शेल्बी उभी राहील. रात्र झाली, बर्फ वितळला तरी उभी राहील.

रिंकवर पोचले तेव्हा ऑरेस्ट स्केट्सना धार लावायच्या खोलीत गुलाबी साखरेचा पर्शियन, म्हणजे आमच्या गावचा गोड पाव, खात बसला होता. साठीचा माणूस, पण त्या पावापुढे त्याचं तोंड शाळकरी होतं. त्याने अर्धा माझ्यापुढे सरकवला. मी कोट न काढता म्हटलं, "डॅनिका."

तो आधी हसला. मग मी हसत नाही हे पाहून बोटं चाटली. "अगं, ती दुसऱ्या धक्क्याला वळली."

"म्हणून तर."

मग मी त्याला सगळं सांगितलं, गोलकीपरचं डावं पॅड, टाचेमागची वीत, कॅसेट. तो ऐकत होता. ऑरेस्ट वाईट माणूस नाही, ऐकतो, फक्त ऐकून झाल्यावर जिथे होता तिथेच असतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे डॅनिका भांडखोर, चिडून काठी चालवणार, आपलीच पोर पेटीत जाणार आणि पॉवर प्ले बोंबलणार. हे खोटं नव्हतं. आणि शेल्बीला काय सांगायचं? सकाळी सगळ्यांसमोर ती जिंकली. या टीममध्ये अशी परीक्षा जिंकून जागा न मिळालेली एकही पोर नाही. तोही बाबांच्या हाताखाली उभा राहिलेला होता, मुलांच्या टीममध्ये. त्याच्या पाठीतही ते होतं. शेवटी तो म्हणाला, "तुझा बाप वरून ऐकतोय."

"ऐकू दे. खाली असताना सवय नव्हती, वर लागेल."

"आणि हरलो तर?"

"तर सांग सगळ्यांना, हिल्काने निवडली."

"ते तर सांगणारच, त्याची तू काळजी करू नकोस," असं म्हणून त्याने माझ्या वाट्याचा अर्धा पावही उचलला. म्हणजे हो.

शेल्बीला मीच सांगणार होते. तसा हट्ट मी धरला होता आणि त्या हट्टात थोडी हौसही होती, हे नाकारून काय उपयोग. मला वाटत होतं, मी तिला काहीतरी देते आहे. सोळाव्या वर्षी मला कुणी येऊन सांगायला हवं होतं, पोरी, वळ, मागे बघ, ते मी हिला सांगणार. ती बोळात रबरी चटईवर बसून काठीच्या पात्याला पट्टी गुंडाळत होती. पट्टी अगदी सारखी, एकावर एक, एकही सुरकुती नाही. मी तिच्या शेजारी खाली बसले, ती सरकली. मी बोलले. जरुरीपेक्षा जास्तच बोलले. म्हटलं, तू कमी पडली नाहीस, परीक्षाच चुकीची आहे. म्हटलं, नुसतं उभं राहणं हा खेळ नाही. म्हटलं, तू दुसऱ्या फळीत बचावाला हवीस मला. ती पट्टी गुंडाळत होती. तिचं थांबणं, मान हलवणं, काहीच दिसेना, मला वाटलं ऐकतच नाहीये. मग तिने पट्टी दातांनी तोडली आणि म्हणाली, "मी अजून घट्ट उभी राहू शकते, कोच. सकाळी पूर्ण जोर लावला नव्हता."

"जोराचा प्रश्न नाही गं."

"सकाळी आई आली होती बघायला," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. मला माहिती म्हणून. मग, "बरं, कोच." आणि दुसऱ्या काठीला पट्टी गुंडाळायला घेतली. मी उठताना माझा गुडघा वाजला आणि तिने हात पुढे केला, मला उठवायला. मी तो धरला. तिचा हात कोरडा, गरम आणि फार मोठा होता.

सामन्याचं काय सांगायचं. दुसऱ्या सत्रात आम्हाला पहिला पॉवर प्ले मिळाला. डॅनिका जाळीपुढे गेली, तिच्या पाठीत काठी बसली, ती वळली, पण चकतीसाठी नाही. तिने केनोराच्या पोरीला काहीतरी सुनावलं आणि वर पायावर काठी हाणली. शिट्टी. डॅनिका पेटीत, पेटीतूनही ती काचेवर वाफ सोडून त्यावर बोटाने काहीतरी काढत होती, बहुधा चांगलं नसावं. प्रेक्षकांत कुणीतरी फिनिशमध्ये देवाचं नाव घेतलं. ऑरेस्ट माझ्याकडे बघत नव्हता, छताकडे बघत होता, आणि तिथे माझे वडील असल्यासारखी हलकेच मान हलवत होता. मला लाज वाटली, आणि त्या लाजेखाली, अगदी तळाशी, एक बारीकसं समाधान होतं: बघ, वळलं की असं होतं. ते समाधान माझं नव्हतं. कुणीतरी माझ्यात ठेवायला दिलेलं होतं आणि न्यायला आलंच नव्हतं.

तिसऱ्या सत्रात दोन्हीकडे दोन दोन गोल असताना केनोराची एकजण पेटीत गेली. आता वेळ थोडा उरलेला. अख्खा बाक उभा राहिला. ऑरेस्ट माझ्या जवळ सरकून पुटपुटला, "हिल्का. शेल्बी?" त्याने ते हळू म्हटलं, पण शेल्बी आमच्या पुढ्यातच बसलेली होती. तिने आपलं नाव ऐकलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं नाही, पाहणारच नव्हती. फक्त उठून उजवा पाय कठड्यावरून पलीकडे टाकला. स्केटचं पातं बर्फापासून बोटभर वर. ती तशीच थांबली, घोड्यावर अर्धी चढल्यासारखी, माझ्या तोंडून नाव बाहेर पडायची वाट बघत. तिच्या जर्सीची पाठ माझ्यासमोर होती, पांढरी, रुंद. त्या पाठीला हो म्हणणं फार सोपं होतं. हरलो असतो तरी कुणी मला विचारलं नसतं. ती पाठच माझं उत्तर झाली असती.

"डॅनिका," मी म्हटलं.

शेल्बीने पाय आत घेतला. डॅनिकाला जायला वाट मिळावी म्हणून बाजूला सरकली, आणि जाताना तिच्या शिरस्त्राणावर टिचकी मारली, जशी मारतात. मग बसली. डॅनिका गेली, उभी राहिली, ढकलली गेली, या वेळी तोंड चाललं पण काठी चालली नाही. निळ्या रेषेवरून फटका आला. गोलकीपर गुडघ्यांवर गेली. चकती डाव्या पॅडला लागून डॅनिकाच्या टाचेमागे पडली, एका वितीवर, अगदी तिथेच, आणि डॅनिका भोवऱ्यासारखी फिरली. एवढंच. केनोराच्या पोरी अजून निळ्या रेषेकडे बघत होत्या. जाळी हलली आणि सगळं रिंक ओरडायला लागलं. ऑरेस्टने मला अशी मिठी मारली, की माझा चष्मा वाकडा झाला. बाकावरच्या सगळ्या पोरी कठड्यावर काठ्या आपटत होत्या. शेल्बीही आपटत होती, इतरांपेक्षा जोरात नाही, हळूही नाही. उरलेला वेळ केनोराने खूप फटके मारले, पण आम्ही धरून राहिलो आणि जिंकलो.

मला वाटलं होतं, मला आनंद होईल. झाला नाही असं नाही. पोरी बर्फावर एकमेकींवर पडल्या होत्या, डॅनिका सगळ्यात खाली, तिचा एक बूट तेवढा दिसत होता. मी बाकाशी थांबले. माझ्यात एक जुना हिशेब बसला होता, बाबांशी, आणि तो आज चुकता झाला असं मी स्वतःला सांगत होते. हो की नाही? मी बरोबर होते, ते चूक होते, छत काही कोसळलं नव्हतं. माझी सगळी वर्षं एका चुकीच्या परीक्षेवर गेली हे आता सिद्ध झालं होतं, आणि सिद्ध झाल्यावर त्या वर्षांचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ज्या त्या दिवशी कमी खेळल्या त्या पाण्याच्या बाटल्या गोळा करतात. कुणी सांगत नाही, आपोआप होतं. शेल्बी बाकाखाली वाकून बाटल्या काढून खोक्यात उभ्या लावत होती. सगळ्यांची टोकं एका बाजूला.

"चांगला होता गोल," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"तुमचं बरोबर होतं. तिचे हात चांगले आहेत." तिने एक बाटली हलवून पाहिली, उरलेलं पाणी बर्फावर ओतलं. मग वाकलेलीच राहून, वर न बघता, तिने विचारलं, "तुमच्या वेळी नव्हती का कुणी? चांगल्या हातांची? की तुम्हालाच उभं केलं?"

तिला टोचायचं नव्हतं. ती खरंच विचारत होती. आणि मला एकदम ती दिसली. बाबांच्या त्या परीक्षेत वळलेल्यांपैकी एक, वेस्टफोर्टकडची, पहिल्याच धक्क्याला हसत वळली होती आणि हसता हसता निळ्या रेषेपर्यंत जाऊन, काठीच्या नुसत्या एका झटक्याने तिने तिथे उभ्या असलेल्या बाबांच्या काठीखालून ती खोटी, कुणी न मारायची चकती काढून घेतली होती आणि जाळीत टाकली होती. काय हात होते. बाबा म्हणाले होते, बाद. ती पुन्हा सरावाला आली नाही. ती का येत नाही असं मी घरी विचारलं नाही, शाळेत विचारलं नाही. मी तेव्हा पुढे बघत होते. इतकी वर्षं मी माझ्या पाठीचा विचार केला, माझ्या टाचेमागे पडून राहिलेल्या चकतीचा केला. पण माझी ती जागा आधी कुणाकडून घेतलेली होती, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"होती एक," मी म्हटलं.

"कोण?"

मी तोंड उघडलं. तिचा हात दिसत होता, मनगटाला गुंडाळलेली हिरवी लोकरीची दोरी दिसत होती. नाव येईना. मी आठवत राहिले. वेस्टफोर्ट, बेकरीच्या मागची गल्ली, दोन अक्षरी काहीतरी. समोर डॅनिकाला पोरींनी खांद्यावर उचललं होतं आणि लोक तिच्या नावाने ओरडत होते.

शेल्बी थांबली होती, वाकलेली, माझ्याकडे तोंड करून. तिला ते नाव हवं होतं. मग तिला कळलं, की ते येणार नाही. आणि मला दिसलं, की तिला ते कळलं.

"असू दे, कोच," ती म्हणाली, आणि तिने बाटल्यांचं खोकं उचललं.